जिन्यातला पाळणा

पाळण्याचा पाय नेटीच्या नडगीवर आदळला. ती कळवळली, पण ओरडायची सोय नव्हती. खाली पहिल्या मजल्यावर हिरव्या बाई बसल्या होत्या.

"उचल की गं! ढकलतेस काय नुसती?" वरून ओढणारी फेमी दबक्या आवाजात फिसकारली.

"तू ओढ ना! हुकूम सोडायला बरी पुढे."

खाली टॉशबाईंनी हिरव्या बाईंना चहाला धरून ठेवलं होतं. टॉशबाईंच्या घरात ना लेकरू ना बाळ, पण त्या आपल्या डाव्या गुडघ्याची कहाणी अशी रंगवून सांगत होत्या की कुणाचाही पाय निघू नये. त्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते, हे त्या जिन्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं.

आमच्या ग्लासगोत हिरवा कोट आणि हिरवी टोपी दिसली की तान्ह्या बाळांच्या आया सावरून बसायच्या. नगरपालिकेतर्फे घरोघर बाळं तपासत हिंडणारी ही बाई. खरं नाव मिस क्रॉम्बी, पण नावानं हाक मारतंय कोण! लढाई संपून दोन वर्षं झाली तरी बाजारात लाकूड नव्हतं, आणि साऱ्या जिन्यात पाळणा एकच, तळमजल्यावरच्या डोरनांचा. बाळ वेगळं निजवा, आईबापांच्या अंथरुणात ते चेंगरतं, एवढंच बाई मागच्या खेपेला सांगून गेल्या होत्या. त्याला जिन्यातल्या बायकांनी तिखटमीठ लावलं. म्हणे, पाळणा नसेल तर मूल उचलून नेतात आणि लांब कुठल्या बेटावर, कुणा शेतकऱ्याच्या घरी ठेवतात. नेटी जेमतेम विशीतली, नवरा जहाजावर. तिला ते खरं वाटलं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

डोरनांचं बाळ तपासून होताच उचललेला पाळणा एकदाचा तिच्या खोलीत आला. फेमी वर, आपल्या बाळाकडे पळाली. नेटीनं आपल्या ह्यूईला कडेवर घेतलं, आणि दार वाजलं.

मिस क्रॉम्बींनी आधी शेगडीवर हात शेकले, मग ह्यूईला मांडीवर घेतलं. कान पाहिले, पोट चाचपलं, झोळीत घालून वजन केलं. ह्यूईनं त्यांच्या टोपीला हात घातला. त्यांनी घालू दिला.

"छान भरलाय हो गुलाम! सरकारी संत्र्याचा रस मिळतो ना त्याला?"

"मिळतो, बाई."

"आणि तू काय खातेस? गप्प बसू नकोस. बटाटा आणि चहा, होय ना? दुधाची बाटली तुझ्याही नावावर येते. ती शेजारी वाटायची नाही, स्वतः प्यायची. बरं, निजव त्याला."

नेटीनं बाळाला पाळण्याकडे नेलं. बाईंनी सवयीनं आधी गादीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. गादी कोमट होती, मधोमध चांगली ओली.

त्यांनी ह्यूईचा लंगोट चाचपला. "हा तर कोरडा खडखडीत. मग हा पराक्रम कुणाचा?"

नेटीचा चेहरा पांढराफटक पडला. डोरनांच्या कार्ट्यानं घात केला होता. तिनं ह्यूईला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

"त्याला नेऊ नका, बाई. तुमच्या पाया पडते. मी पाळणा आणीन कुठूनही, पण त्याला नेऊ नका."

"नेऊ? कुठे नेऊ गं?" मिस क्रॉम्बी तिच्याकडे बघतच राहिल्या. "माझी खोली तुझ्याहून लहान, आणि पाळणा तर माझ्याकडेही नाही! बस आधी. आणि हा खरोखर निजतो कुठे, ते दाखव."

नेटीनं कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. तळाशी वर्तमानपत्रांचे थर, त्यावर नवऱ्याचं जुनं लष्करी कांबळं कापून, कडा शिवून केलेली गादी, आणि वर धुतलेली चादर, एक सुरकुती नाही. शरमेनं नेटीची मान खाली गेली.

मिस क्रॉम्बी गुडघे टेकून जमिनीवर बसल्या. कांबळं उलटंपालटं केलं. चादर दाबली, नाकाशी धरली.

"सकाळपासून अकरा घरं हिंडले मी," त्या म्हणाल्या. "इतकं नेटकं अंथरूण एकाही घरी पाहिलं नाही. फक्त हा खण पुरता बाहेर काढ आणि त्या पेटीवर ठेव. जमिनीवर वारा लागतो, आणि कपाटात असला तर एखाद्या दिवशी कुणी लोटेल बिचाऱ्याला आत."

नेटीला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खोटं कशाला बोलू, वर्दी घातल्यावर माणूस उरतोच असं नाही. ह्या बाईत तो पुरेपूर उरला होता. आमच्या गल्लीत तेव्हा जी लेकरं तगली, त्यातल्या किती जणांना ह्या हातांनी तगवलं, ते एक देवालाच ठाऊक.

दाराबाहेर कुणीतरी खोकलं. मग पुन्हा, जरा जोरात. मिस क्रॉम्बींनी दार उघडलं. बाह्या वर सारून फेमी उभी.

"मी आपली... सहज," फेमी म्हणाली.

"सहजच ना? वरचं घर तुझंच, आणि आता माझी फेरीही तुझ्याकडेच." बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली, पाळण्यातली गादी उलटी केली आणि पाळण्याची खालची बाजू दोन्ही हातांनी धरली. "नेटी, तू बाळाजवळ थांब. फेमी, तू वरून धर. आणि जरा बेतानं गं बाई! शेजारच्या जिन्यात काल माझी बोटं सोलवटली."