टक लावून

१९३८ साली रामनाथ मोरवे गावी पुंडलिक पाटलांच्या मुलीला, द्वारकाला बघायला आला. मुलगा मुंबईच्या कॉलेजात शिकत होता, त्यामुळे घरात आधीच कौतुक होतं. द्वारका चहा घेऊन बाहेर आली आणि रामनाथ जो टक लावून बघायला लागला, त्याची पापणीही लवेना. द्वारकाची आई मनातून खूश झाली.

"रंग सुकलेल्या पेंढ्यासारखा," रामनाथ हळूच म्हणाला. "तोंड चोचीसारखं पुढे आलेलं. अंग चोरून बसली की नुसती काडी."

आईचा चेहरा पडला.

"लंकेपासून ब्रह्मदेशापर्यंत सगळीकडे सापडते. मला मात्र आजवर मिळाली नव्हती."

पुंडलिक ताडकन उठले. "आमची पोर सगलीकडं सापडते? उठा, चालायला लागा!"

"बाबा, थांबा," द्वारका म्हणाली. "माज्या खांद्यावर गवतातली पाकोली बसलीय. ते तिचं सांगतायत."

"हलू नका!" रामनाथ ओरडला. त्या ओरडण्याने पाकोळी उडाली. तो तिच्यामागे अंगणात आणि तिथून थेट शेताच्या बांधावर धावला, आणि नव्याकोऱ्या धोतरासकट चिखलात आडवा झाला.

आईने कपाळावर हात मारून घेतला. "येडा हाय. न्हाय म्हणून सांगा. पोरीकडं एकदा तरी बघितलं काय त्यानं?"

"पसंत हाय म्हणून सांगा," द्वारका लाजत म्हणाली. "नखाएवढ्या किड्याकडं जो एवढं बघतो, तो बायकोकडं किती बघंल!"