मंत्री येणार आहेत

या मायबापहो, जवळ सरका, गोड कथा सांगते. आमच्या गल्लीचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. शेजारणीची सून अवघडलेली, आणि अँब्युलन्सवाला म्हणे, “या रस्त्यानं नेलं तर बाळंतपण गाडीतच होईल.” शेजारीण वार्ताहराकडे गेली. “मावशी, खड्ड्यांच्या बातम्या छापून दमलो,” तो म्हणाला. “मग मंत्री येणार म्हणून छाप.” “कशासाठी?” “ते त्यांना तरी कुठं ठाऊक असतं?” बातमी आली. आमदाराला वाटलं, पक्षानं बोलावलं. पक्षाला वाटलं, आमदारानं. ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणणार कोण? आठवड्यात रस्ता गुळगुळीत झाला. मंत्री आलेच नाहीत. सून मात्र पोटातलं पाणी न हलता दवाखान्यात पोचली. नात झाली. दुसऱ्या दिवशी वार्ताहरानं खुलासा छापला: “मंत्र्यांचा दौरा रद्द; बाळबाळंतीण सुखरूप.” जन्मात एकदाच खोटं छापलं त्यानं, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्यालाही आठवा.