मुलींच्या शाळेत एक मुलगा

जयेंद्रगंजमधल्या मुलींच्या शाळेने यंदापासून मुलांनाही घ्यायचं ठरवलं, आणि अर्ज एकच आला. आठवीतल्या शंतनूचा. त्याच्या अर्जावर पालकांचं मत घ्यायला सभा बोलावली होती. प्लास्टर घातलेल्या लेकाला शेजारी घेऊन त्याची आई शिखा उभी राहिली.

"मुलांच्या शाळेत ह्याला लडकी, लडकी म्हणून रोज मारतात. आता तर हात मोडला. दुसरी कुठलीच शाळा वर्षाच्या मध्येच घेत नाही. परत तिथे पाठवलं तर माझा मुलगा हातचा जाईल. मी पाया पडते तुमच्या."

पालकांमधून विजयाताई उठल्या. त्यांच्या मागे बसलेली त्यांची लेक यशश्री इथे आठवीतच होती.

"तुमचं दुःख कळतं हो. पण इथे आमच्या मुली निर्धास्त असतात. वर्गात मुलगा आला की कसला भरवसा? आम्ही तरी मुलीचं नाव काढून घेऊ."

इतरांनीही माना डोलावल्या. मुख्याध्यापिकांनी खाली बघत अर्ज शिखाला परत दिला. ती तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागली.

"आई, चल ना," शंतनू म्हणाला. "मी जाईन परत तिथेच."

तेवढ्यात विजयाताईंच्या मागून यशश्री उठली.

"मॅडम, ह्याचा हात माझ्या दादाने मोडलाय," ती म्हणाली आणि आईकडे वळली.

 

"आणि तू रोज त्याच्याच भरवशावर मला घरी ठेवून ऑफिसला जातेस."