बुडबुडा ठरेना

सुदेशने तिन्ही टेकूंचे स्क्रू पुन्हा फिरवले, मागे सरला आणि श्वास रोखून उभा राहिला. लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर आला, जरा थांबला आणि स्टोअरची बाजू सोडून समोरच्या खिडकीकडे सरकला.

सकाळपासून हेच चाललं होतं. बाळकुमच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात तो नवी सरफेस प्लेट बसवत होता. जिच्यावर ठेवून पार्ट तपासायचे ती, काळ्या ग्रॅनाइटची. स्लॅब जुना, लेव्हल नाजूक. माणूस ज्या बाजूला पाय टाकेल, बुडबुडा त्याच्या उलट पळायचा. हे त्याला बाबांनीच शिकवलेलं. पण आज हलायला गाळ्यात होतं कोण? सुदेशचं डोकं चालेना.

बाबा असते तर विचारलं असतं. पण त्यांची बिडाची जुनी प्लेट सुदेशने न विचारता भंगारात घातली, आणि बाबा, मारुतीराव, पायात चपला सरकवून जे गेले ते गेलेच. मोबाइल टीव्हीशेजारी राहिला. बीपीच्या गोळ्या तेवढ्या नेल्या असाव्यात, कारण घरात सापडल्या नाहीत. डोंबिवलीची आत्या झाली, माजिवड्याचे दोस्त झाले, पोलीस चौकी झाली. मीठ वर्ज्य असलेला म्हातारा माणूस, कुठे काय खात असेल, या विचाराने सुदेशच्या जिवाला घोर लागला होता. त्याची बायको रचना मात्र म्हणायची, येतील. तिच्या या शांतपणाचा त्याला रागच यायचा.

दुपारी रचना डबा घेऊन आली. स्टोअरचं दार पलीकडून अडकलंय, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, उंदीर झालेत, मी पॅसेजच्या दाराने जाऊन साफ करतेय, तू नको लक्ष घालूस.

पहिल्याच घासाला त्याने तोंड वाकडं केलं. "मीठ विसरलीस?"

"घाईत राहिलं."

"काल पण?"

"काल पण."

ती उंबऱ्यातच उभी होती. त्याने तिला हलू नको म्हणून खूण केली आणि स्वतःही जागचा हलला नाही. दोघं बघत राहिले. बुडबुडा मध्यावर आला, आणि हळूच खिडकीकडे निघाला.

सुदेशने हातातल्या आळणी भाजीकडे पाहिलं. मग रचनाकडे. तिने मान खाली घातली. त्याला एकदम भरून आलं. त्याने डबा बाजूला ठेवला.

"बाबा," स्टोअरच्या बंद दाराकडे बघत तो म्हणाला, "बुडबुडा ठरेपर्यंत जरा हलू नका."