पुढच्या मुक्कामाची लाकडं

काल अंधारात कुठल्याशा बेटावर तंबू ठोकला आणि आज भल्या पहाटे धुक्यातच निघालो. नावेत मागे बसणारा दिशा धरतो, आणि मागे मी होतो. पुढे बसलेल्या हेल्मीला मी नकाशा उघडूच दिला नाही. दिवसभर वल्ही मारून संध्याकाळी एका झकास बेटाला लागलो. मुक्काम हलवताना नंतर येणाऱ्यांसाठी लाकडं फोडून ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. इथेही चुलीपाशी, झाडाच्या सालीखाली कोरड्या लाकडांची रास होती.

"बघ, किती सुबक रचलीय! नाहीतर तुझं काम. शीक जरा."

हेल्मीने शांतपणे काडेपेटीची काडी ओढली.

"अरे आर्वो, सकाळी निघताना मीच रचून ठेवली होती ती."