चौथं चाक

"वहिनी, सतराची नका घालू. टायर पातळ येतंय. ट्रॅकवर ठीक हाय, पण आपल्या खड्ड्यात रिमच आपटती. पंधराची बरी."

गॅरेजवाला सोपान असं म्हणाला, तेव्हा मयूरी हसली होती. "रुबाब नको का, सोपानदादा?" ती काळी, सतरा इंची चाकं तिनंच पसंत केली होती.

आता ती चारी सांगलीतल्या घराच्या पोर्चमध्ये भिंतीला टेकून उभी होती. वडूजहून आलेला उदयसिंह उकिडवा बसून एकेक बोटानं वाजवून बघत होता. त्याची बायको श्रद्धा गाडीतच बसलेली, मांडीवर पाच महिन्यांचं बाळ.

"ट्रॅकवर पळवायला घेताय?" मयूरीनं विचारलं.

"व्हय. म्हैन्यातनं एकदा. एरवी घरचीच गाडी."

"घरी येताना चाकं बदलता?"

"कोण बदलतंय, वहिनी! येतोय की तसाच."

तिचा नवरा कुणालही तसाच आला होता. तासगावच्या अलीकडे एक खड्डा, बास. आता तो आतल्या खोलीत, सळई घातलेला पाय उशीवर ठेवून, मोबाईलवर रेसचे व्हिडिओ बघत होता. इंजिनांचा आवाज पोर्चपर्यंत येत होता. 'पाय टेकू दे, पहिला ट्रॅकवर जातो,' असं तो कालच म्हणाला होता. चाकं घरात होती तोवर तो जाणारच होता.

"चारी सरळ हायत न्हवं? कुठलं ठोकून काढलेलं न्हाई?"

चौथ्याचं तोंड तिनं सकाळीच भिंतीकडं करून ठेवलं होतं. वाकलेली रिम ठोकून सरळ केलेली, भेगेवर वेल्डिंग, वर काळा रंग.

"नाही," ती म्हणाली. कडेवरच्या छोट्या अनीशनं तिचे केस ओढले.

"घ्या वो सतराचीच!" श्रद्धा गाडीतनं ओरडली. "आपली पंधराची म्हंजे बैलाला शेळीचे पाय!"

उदयसिंह हसला. मयूरीही हसली.

तीन चाकं डिकीत कशीबशी बसली. चौथं मागच्या सीटवर, श्रद्धाच्या शेजारी, झबल्यांच्या पिशवीला खेटून.

गाडी वळल्यावर आतून कुणालचा आवाज आला. "चौथ्याचं सांगितलंस ना गं त्याला?"

"सांगितलं."

उदयसिंहचा नंबर तिच्याकडे आहे. पण फोन केला तर चाकं परत येतील.

म्हणून तुमच्यापैकी कुणी वडूजकडं असेल, तर तिचं एवढं एक काम करा. पांढरी गाडी, काळी चाकं. हवा भरायच्या नळीजवळ बोट फिरवून बघा, रंगाखाली भेगेची रेघ लागेल. बाळ कसं आहे, तेही विचारा.

तिचं नाव तेवढं सांगू नका.