आग्रहाआधीच्या टाळ्या

सेवा क्लबच्या सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. अध्यक्ष अण्णा दरवर्षीप्रमाणे उठून म्हणाले, "आता मला मोकळं करा. तरुणांना पुढे येऊ द्या." यावर सभासदांनी गळ घालायची, अण्णांनी आढेवेढे घ्यायचे आणि शेवटी सर्वांच्या शब्दाखातर मान तुकवायची, असा तिथला रिवाज. यंदा मात्र युवा शाखेने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तो ओसरायच्या आत शाखेच्या चिटणीस मुलीचं नाव सुचवून अनुमोदनही देऊन टाकलं. पोरांना रिवाज ठाऊक नसावा, अशी अण्णांनी मनाची समजूत घातली.

अध्यक्षांचा बिल्ला तिला लावताना ते हळूच म्हणाले, "अगं, मी नको म्हटलं की मला आग्रह करायचा असतो."

"माहितीये, अण्णा. म्हणून तर आठवडाभर टाळ्यांची तालीम घेतली."